झाकणावरचं नाव

डिसेंबर लागला की आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याला कामाचा चेव चढतो. एरवी त्याची भट्टी दुपारनंतर पेटते, पण या दिवसांत सकाळी सातलाच आंबलेल्या पिठाचा गोडसर वास भाईंदर पूर्वेतल्या आमच्या जिन्यात शिरतो. शेजारणी खोल श्वास घेतात आणि मी नाकाला ओढणी लावते. बेकरीवाला हाक मारतो, "मॅडम, गरम है, ले जाओ ना." मी लांबूनच हात हलवते. त्याला वाटतं बाईंना सर्दी झाली आहे.

सर्दी नाही. तो यीस्टचा वास आहे, आणि पेशी वाढवणाऱ्या माणसाला यीस्ट म्हणजे दारात उभा असलेला चोर. लोक कुत्री पाळतात, पोपट पाळतात, मी पेशी पाळते. एका कॉलेजात शिकवते आणि तिथल्या छोट्याशा खोलीत तिघी विद्यार्थिनींना घेऊन यकृताच्या पेशी वाढवते. यीस्टचा एक कण आत शिरला तर महिन्यांची मेहनत दोन दिवसांत गढूळ होते. त्यामुळे हा वास बाहेर ठेवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आणि तरीही वर्षभर मी वाट बघते ती याच वासाची. माणसाचं काही कळत नाही, हेच खरं.

मी पीएच.डी. करत होते तेव्हाचा तो डिसेंबर. आमची प्रयोगशाळा मीरा रोडच्या पूर्वेला, अगदी टोकाला होती. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. हिवाळ्यात मिठाचे छोटे ढीग लागायचे आणि दुपारी इतके चमकायचे की डोळे मिटावे लागत. आता त्याच खिडकीतून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले टॉवेल दिसतात म्हणे. मी पुन्हा गेले नाही.

त्या खोलीतलं पहिलं माणूस म्हणजे लुर्दिनताई. समुद्रकाठच्या तारोडी गावच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलेल्या आणि वीस वर्षांत पेशींच्या खोलीच्या मालकीणच होऊन बसलेल्या. गळ्यात काळ्या दोरीत क्रूस, आणि त्याच दोरीत खोलीची चावी. लहानपणी होडीच्या दोरात सापडून उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर गेलेलं. त्या तोकड्या बोटानिशी त्या काचेची नळी अशी धरायच्या की थेंब हलायचा नाही. आम्ही पाच बोटांचे लोक सांडलवंड करायचो.

सकाळी आल्या आल्या त्या उबदार पेटीचं दार उघडायच्या, पेशींचा चपटा डबा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि डोळा लावून विचारायच्या, "उठल्यान का पोरी?"

पोरी म्हणजे पेशी. त्यांना दर दोन दिवसांनी गुलाबी द्रवाचं जेवण लागायचं. जुनं काढायचं, नवं घालायचं. त्याला पुस्तकात मोठं नाव आहे, आम्ही 'खाऊ घालणं' म्हणायचो. रविवार असो, दिवाळी असो, खाऊ चुकवायचा नाही. आई वैतागायची. "त्या डब्यातल्यांना वेळेवर जेवायला घालतेस, घरी भाताचा कुकर लावायला सांगितला तर तुझी मान मोडते," असं तिचं म्हणणं. आई रत्नागिरीची. तिच्या बोलण्यात मीठ कमी, तिखट जास्त.

माझा प्रयोग तसा साधा होता. एकाच घरच्या पेशींचे दोन गट केले होते. एका गटाला बेताची साखर, दुसऱ्याला भरपूर साखर आणि थोडं तेल. आणि मग महिनोन् महिने नुसतं बघत बसायचं. शहाण्या पेशीला एक रीत माहीत असते. शेजारणीला हात टेकला की ती थांबते, पुढे सरकत नाही. माझ्या गोडघाशा पेशी तिसऱ्या महिन्यापर्यंत नुसत्या सुस्तावल्या. त्यांच्या पोटात चरबीचे थेंब साचले, आणि रंग घातला की ते कुंकवासारखे लाल दिसत. चौथ्या महिन्यात काही जणी थांबायचं विसरल्या. शेजारणीच्या अंगावर चढायला लागल्या. कर्करोग अजून झालेला नव्हता, पण त्याचं पाऊल वाजलं होतं. ज्या वळणावर सुस्ती संपते आणि हाव सुरू होते, ते वळण मला पकडायचं होतं. घरी बाबांना साखरेचा आजार होता आणि चहात चोरून दोन चमचे घालायची सवयही. त्यामुळे मला त्या पेशींकडे निव्वळ विज्ञान म्हणून कधी बघताच आलं नाही.

पाच महिन्यांच्या झाल्या होत्या माझ्या पोरी. ते पाच महिने पुन्हा आणायचे तर पुन्हा पाच महिनेच लागतात, त्याला दुसरा उपाय नाही.

लुर्दिनताईंनी मला शिकवलेला पहिला धडा नाव लिहिण्याचा. पेशींची बशी असो की जंतू वाढवायची, तिला एक बूड असतं आणि एक झाकण. मी नवखी, पहिल्या दिवशी झाकणावर झोकात नाव लिहिलं. ताईंनी ते बोळ्यानं पुसून टाकलं.

"झाकनावर न्हाय लिवायचा. बुडावर लिवायचा. झाकना बदलतान."

मी मान डोलावली. इतकं साधं कोण विसरेल, असं वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. दर वर्षी नाताळच्या आधीचा अख्खा आठवडा ताई रजा टाकायच्या. वर्षभर ताप असला तरी येणारी बाई, पण तो आठवडा नाही म्हणजे नाही. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, हसून म्हणायच्या, "लुर्दिनचा नाताळ सगळ्यांच्या आधी लागतो." आम्हीही हसायचो.

त्या वर्षी रजेच्या आदल्या दिवशी, रविवारी, ताईंनी मला घरी बोलावलं. नाताळच्या फुग्यांचा पहिला घाणा होता. फुगे म्हणजे मैद्याचे आंबवलेले, तळलेले गोळे. फुलून टम्म होतात, आतून पोकळ. भाईंदर पश्चिमेहून बस निघाली, मुर्धा, राई, मोर्वा मागे पडले आणि वाऱ्याला खारट धार आली. तारोडीत बांबूच्या वलांडींवर बोंबील लटकत होते, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून, वाऱ्यावर हलत. घराघरांवर कागदी तारे. ताईंच्या पडवीत परातभर पीठ, त्यात ताडी घातलेली. मी कोपरापर्यंत बाह्या सरसावून बसले. पीठ कोमट होतं आणि हाताखाली श्वास घेतल्यासारखं वर यायचं. मधूनमधून ताई त्यावर पंजा दाबून बघायच्या. चार खळगे उमटायचे, मधे एक जागा सपाट. खळगे सावकाश भरून आले की पीठ झालं.

इतकं हसलेली मी मला त्यानंतर आठवत नाही. माझे फुगे फुगे नव्हतेच, सगळे भोपळ्यासारखे वेडेवाकडे. ताईंच्या सुना ते बघून हसून हसून खोकल्या. आणि पहिला गरम फुगा तोंडात टाकल्यावर जीभ भाजली, तरी मी दुसरा उचलला.

निघताना त्यांनी आंबलेल्या पिठाचा एक डबा माझ्या हातात दिला, आईसाठी. आणि म्हणाल्या, "उद्या खोलीत जाव नको हां. चार दिस जाव नको."

"का हो?"

"पीठ केलाय ना आपन. ता अंगावर ऱ्हाते, केसान ऱ्हाते. मी म्हनून तं रजा टाकते."

वीस वर्षं सगळे ज्या रजेला हसले, ती ही. "ताई, मग मॅडमना कधी सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"कुनी विचारलाच न्हाय."

मला त्यांचं कौतुक वाटलं, पण पटलं मात्र नाही. मी एम.एस्सी. झालेली. "हात धुतले की झालं, ताई. हातमोजे आहेत, स्पिरिट आहे. आणि उद्या खाऊचा दिवस आहे ना."

"एक दिस उपास घडला तं मरत न्हाय कुनी," ताई म्हणाल्या. मी हसून बसमध्ये चढले.

सोमवारी सकाळी आईला फुगे तळून दिले, हात धुतले आणि खोलीत जाऊन पोरींना जेवायला घातलं. मोज्यांबाहेर मनगट उघडं राहतं, मोजा चढवताना तो बाहेरून बोटांनी शिवला जातोच, हे सगळं मला तोंडपाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी ते.

मंगळवारी पेटी उघडली तर आत बेकरीचा वास.

गुलाबी द्रव गढूळ झाला होता. डोळा लावला. माझ्या पेशींच्या मधल्या रिकाम्या जागांत मोत्यांच्या माळांसारखे अंडाकृती कण होते, आणि प्रत्येक कणाला अंकुर फुटलेला. दुपारपर्यंत पेशी तळ सोडून तरंगायला लागल्या. पाच महिन्यांच्या पोरी मी स्वतःच्या हातानं ब्लीचमध्ये ओतल्या. रडू आलं नाही, इतकी मी घाबरले होते.

मॅडम आल्या. त्यांचा आवाज चढत नसे, उलट उतरत असे. "खाऊ शुक्रवारी लुर्दिननं बनवला, सोमवारी तू घातलास. दोघींपैकी एकीच्या हातचं आहे. उद्या बोटं टेकवू. ज्याच्या हातचं निघेल, तो या खोलीत परत येणार नाही." आणि मग माझ्याकडे बघून, "तुझी मुदत मार्चमध्ये संपतेय. वाढवून द्यायची शिफारस मला करायची असते."

म्हणजे माझ्या हातचं निघालं तर पीएच.डी. संपली. इतकं सरळ होतं ते.

बोटं टेकवणं म्हणजे जंतू वाढतील अशा लुसलुशीत थराच्या बशीत उजव्या हाताची पाचही बोटं हलकेच दाबायची आणि बशी तीन दिवस उबेत ठेवायची. बुधवारी ताईंना रजेवरून बोलावलं. बशा मी मांडल्या. तीन होत्या, तुलनेसाठी मॅडमची, मग ताईंची, माझी. मला ते उरकून टाकायचं होतं. मी नावं लिहून मोकळी झाले आणि वर बघितलं तर ताई बशांकडे बघत होत्या. तिन्ही नावं झाकणांवर होती.

"झाकनावर?" त्या हळूच म्हणाल्या.

"असू द्या ना ताई आज."

ताईंनी नखं कापलेली होती, कोपरापर्यंत हात घासले आणि मग बोटं टेकवली. मीही हात धुतले, पण त्या दिवशीही सकाळी मी डब्यातल्या उरलेल्या पिठाचे फुगे तळूनच निघाले होते. आईला आवडले होते ना.

शनिवार, नाताळचा आदला दिवस. बशा काढायला ताई मॅडमच्या आधी पोचल्या होत्या, घरची परात सुनांवर टाकून. मी आले तेव्हा तिन्ही बशा टेबलावर ओळीनं होत्या आणि ताई खिडकीशी उभ्या होत्या. मॅडमनी चष्मा लावला. त्यांची बशी स्वच्छ. माझ्या नावाची स्वच्छ. लुर्दिन लिहिलेल्या झाकणाखाली मलईच्या रंगाचे ठिपके दाटीवाटीनं उगवले होते, बोटांच्या ठशांवर.

"लुर्दिन, इतकी वर्षं काम करताय तुम्ही."

"चुकी झाली, मॅडम."

मी ठसे मोजले. मोजायचं ठरवलं नव्हतं, डोळ्यांनी आपोआप मोजले. पाच. पूर्ण, भरघोस, मधलं बोट सगळ्यांत लांब.

मॅडमनी तो हात वीस वर्षांत कधी नीट पाहिलाच नव्हता. मी पाहिला होता, सहा दिवसांपूर्वीच, पिठावर.

मी ताईंकडे बघितलं. त्या मिठागरांकडे बघत होत्या. मी बोलायला तोंड उघडलं होतं आणि शब्द फुटला नाही, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. ती खोटी आहे. मी तोंड उघडलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "नोंदीसाठी फोटो काढ," आणि मी काढला. नीट, उजेड बघून.

ताईंनी गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. चावी क्रुसात अडकली होती, ती सोडवायला वेळ लागला.

त्यानंतर ताई तळमजल्यावर, काचसामान धुवायच्या खोलीत. निवृत्तीपर्यंत, तीन वर्षं. मला मुदत वाढवून मिळाली. आणि पोरीही मिळाल्या, कारण शेतकऱ्याची बायको बी राखते तशी ताई दर महिन्याला माझ्या पेशींची एक कुपी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवत होत्या, कुणी न सांगता. नोव्हेंबरची कुपी निघाली. त्या पेशी जाग्या झाल्या, पुढे वाढल्या, आणि मला हवं होतं ते वळणही त्यांनी दाखवलं. माझ्या प्रबंधात ते चौथं प्रकरण आहे. आभारात ताईंचं नाव आहे, सातवं.

त्या तीन वर्षांत मी जिन्यानं वर जायचे तेव्हा खालून हाक यायची. हात फेसात, चेहरा वर. "काय म्हनतान पोरी?"

"बऱ्या आहेत, ताई."

"जेवल्यान?"

"हो."

एवढंच बोलणं, रोज. त्यातही माझी नजर त्यांच्या हातावर जाऊ नये म्हणून मी जपायचे.

आता माझ्या खोलीत मीही यीस्टची भीती शिकवते. तो फोटो दर वर्षी पहिल्या तासाला दाखवते आणि म्हणते, "बघा, एका व्यक्तीच्या हातावर किती यीस्ट असतं." एका व्यक्तीच्या! आणि दर डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या रविवारी, तारोडीला जाते. नंतर चार दिवस खोलीत पाऊल टाकत नाही. मुली आपसांत म्हणतात, मॅमचा ख्रिसमस लवकर लागतो. मला ऐकू येतं.

लोकांना सांगताना मी म्हणते, मला ओढ आहे त्या दिवसांची. वलांडीवरच्या बोंबलांची, खारट वाऱ्याची, पडवीतल्या हसण्याची. ते खोटं नाही. बस मोर्व्याच्या पुढे गेली की मी अजून खिडकी उघडते. त्या एका रविवारी मी जितकी निर्मळ होते तितकी पुन्हा झाले नाही, आणि माणूस निर्मळ होता त्याच जागी परत परत जाऊन बसतो.

या रविवारी गेले. ताई आता थकल्यात, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. ताडी मिळत नाही, विकतचं यीस्ट घालतात, त्यावरून सुनांना ऐकवतात. पीठ मी मळलं. ताईंनी सवयीनं त्यावर पंजा दाबला. चार खळगे आणि मधे सपाट जागा. मी बघत राहिले.

"काय मोजतंस?" ताई म्हणाल्या. "तवाच मोजलंस ना."

माझे हात परातीत तसेच राहिले. सुना आत होत्या. बाहेर कुणीतरी बोंबील उलटत होतं.

"ताई, तुम्हाला ठाऊक होतं? मी बघितलं ते?"

"ठाव हाय. म्हनून तं दरसाल येतंस."

इतक्या वर्षांची माझी ओढ त्यांनी एका वाक्यात चिमटीत धरून दाखवली. मला रडू फुटलं. त्या दिवशी ब्लीचमध्ये ओतताना न आलेलं, सगळं. ताईंनी परात बाजूला ओढली. "पिठात पानी पाडू नको, सैल व्हईल."

"का केलंत पण? माझी चूक होती. तुम्ही सांगितलंही होतंत मला."

त्यांनी परातीवर फडकं टाकलं. मग म्हणाल्या, "सकाली बशी बगितली, समजला. मी गेले तं बाटल्या धुवीन. तू गेलीस तं टाकीतल्या पोरींना कोन उठवील? माजा लिवना-वाचना न्हाय तेवढा." आणि फडक्याची कडा खोचत, "वाटलेला, तू बोलशील. आज न्हाय तं उद्या."

हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, मॅडमना कळवते. मॅडम निवृत्त झाल्यात, पण पत्ता आहे. ताईंनी हात उडवला. "कळव. पन तुज्या पोरी किती हायत खोलीत? तिगी ना? त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"मंग पैला त्यांना सांग."

मॅडमना पत्र लिहून झालंय. हात धुतले, चार दिवस थांबले, आणि आज नाताळची सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा तास आहे. तिघी मुली पुढच्या बाकावर आहेत. त्यांच्या शेजारी, पाहुण्यांचा पांढरा कोट अंगावर घालून, लुर्दिनताई बसल्यात. त्या नखं कापून आल्यात, आणि घरात रविवारपासून पिठाला त्यांनी हात लावलेला नाही, या वयात, नाताळच्या तोंडावर. त्यांचं लक्ष माझ्याकडे नाहीच. ते कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकाकडे आहे. मी फोटो पडद्यावर लावते. झाकणावरचं लुर्दिन हे नाव स्पष्ट वाचता येतं, अक्षर माझं आहे.

"मोजा," मी मुलींना सांगते. त्या मोजतात. मग मी ताईंना उजवा हात वर करायला सांगते, आणि त्याच्या शेजारी माझा धरते.